शर्करा-द्रावणाचे शुद्धीकरण : विकरक्रियेपूर्वीची कामे आणि त्यांची मराठी क्रियापदे

१. प्रश्नाचे स्वरूप

परिभाषेच्या अभ्यासवर्गात शास्त्रीय मजकुराचे मराठीकरण करण्याचा पाठ चालू असता एक वाक्य पुढे आले : ‘विकराची क्रिया घडवून आणण्यापूर्वी शर्करा-द्रावण शुद्ध करून घ्यावे.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. मूळ मजकुराशी प्रामाणिकही होते. परंतु पोलादपूरकडील एका विद्यार्थ्याने त्यावर दोन प्रश्न विचारले. शुद्ध करावयाचे म्हणजे गाळावयाचे, की निवळू द्यावयाचे? आणि साखर मुळातच शुद्ध असेल, तर तिच्या पाकाचे पुन्हा काय शुद्ध करावयाचे? या प्रश्नांना त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते वाक्य वाचून कोणाही कामगाराला वा विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करता आले नसते, ही गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानात आली.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न होय. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. रसायनाच्या बाबतीत त्याने प्रसिद्ध व सर्वमान्य माहितीचाच आधार घेतला आहे. मांडावयाचा मुद्दा एकच आहे. शुद्धता हा पदार्थाचा स्वयंभू गुण नव्हे; पुढे कोणती क्रिया घडावयाची आहे यावर ती अवलंबून असते. एका टप्प्यावर जो पदार्थ रस स्वच्छ करतो तोच पुढील टप्प्यावर मळ ठरू शकतो. या निरनिराळ्या कामांसाठी मराठीत निरनिराळी व नेमकी क्रियापदे आहेत. ‘शुद्धीकरण’ या एकाच शब्दाखाली ती झाकली गेली म्हणजे भाषेबरोबर प्रक्रियेची समजही धूसर होते.

‘एंझाइम’ या संज्ञेसाठी मराठीत ‘विकर’ आणि ‘वितंचक’ असे दोन पर्याय आढळतात. येथे सर्वत्र ‘विकर’ हा शब्द योजिला आहे.

२. विकराने गोडी कशी उत्पन्न होते

विकर हे बहुधा प्रथिन असते. सजीवांच्या पेशींत ते तयार होते, विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणते आणि स्वतः खर्ची पडत नाही. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. त्याला मानवणारे उष्णतामान, सामू म्हणजे आम्लता-अल्कतेचे मान, आणि त्याला साह्य करणारे किंवा बाधणारे धातू हेही ठरलेले असतात.

याचे सर्वांत जुने उदाहरण सह्याद्रीच्या पायथ्याशीच सापडते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेले म्हणजे महाबळेश्वरचा प्रदेश लागतो. तेथील मांघर या गावाला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान्यता मिळाली. घाटाखालच्या रानांतही सातेरी आणि आग्या या माश्यांची पोळी नवीन नाहीत. माशी फुलातून जो रस आणते त्यात उसातल्यासारखी साधी साखर, म्हणजे सुक्रोज, बऱ्याच प्रमाणात असते. माशीच्या ग्रंथींतून येणारे इन्व्हर्टेज नावाचे विकर त्या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करते. पुढे पंखांच्या वाऱ्याने पाणी उडून जाते आणि ते सुमारे २० टक्क्यांच्या आत आले की मध पक्व होतो. येथे आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट निराळीच आहे. माशीच्या मधुकोष्ठाच्या तळाशी एक झडप असते. ती रसात तरंगणारे परागकण वेचून जठराकडे ढकलते आणि रस मागे राहू देते. शर्करा-द्रावणाचे रूपांतर चालू असताना ते गाळून घेण्याची योजना निसर्गात आधीपासूनच आहे.

कारखान्यातील प्रक्रिया याहून लांबलचक असते. मक्यासारख्या धान्याचे स्टार्च हा तिचा कच्चा माल. धुळे जिल्ह्यात दोंडाईचे येथे मक्यापासून स्टार्च व द्रव ग्लुकोज करण्याचा उद्योग आहे. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. कोकणात तांदळाची पेज करताना पाणी दाट होते ते या साखळ्या फुगल्यामुळे. स्टार्चची अशीच दाट पेज करून तीत प्रथम अल्फा-अमायलेज हे विकर घालतात. सुमारे १०५ अंश सेल्सिअस उष्णतेत काही मिनिटे आणि नंतर ९५ अंशांच्या आसपास तास-दोन तास ठेवल्यावर साखळ्या तुटून पेज पातळ होते. मग सामू ४.५ च्या सुमारास आणून व उष्णतामान ६० अंशांवर उतरवून ग्लुकोअमायलेज हे दुसरे विकर घालतात. दोन-तीन दिवसांत द्रावणातील घन भागापैकी सुमारे ९५ टक्के भाग ग्लुकोज होतो.

परंतु ग्लुकोजची गोडी साखरेहून कमी, फ्रुक्टोजची तिच्याहून अधिक. म्हणून तिसरे विकर लागते. ग्लुकोज आयसोमरेज हे विकर ग्लुकोजचे फ्रुक्टोज करते. या प्रकारच्या क्रियेचे वर्णन मार्शल आणि कुई यांनी १९५७ साली केले, आणि १९६७ साली अमेरिकेत तिचा व्यापारी उपयोग सुरू झाला. हे विकर द्रावणात मोकळे सोडीत नाहीत. बारीक दाण्यांत जखडून ते दाणे उंच नळकांड्यात भरतात आणि ग्लुकोजचा पाक त्यातून हळूहळू वाहू देतात. खालून निघणाऱ्या पाकातील सुमारे ४२ टक्के शर्करा फ्रुक्टोज झालेली असते. दाण्यांची एक भरती महिनोन्‌महिने चालते, किंबहुना ती तशी चालली तरच हा व्यवहार परवडतो. म्हणूनच नळकांड्यात शिरणारा पाक कसा आहे हा या उद्योगाचा कळीचा प्रश्न होय.

या विकराच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील भोसले, राव आणि देशपांडे या संशोधकांनी ग्लुकोज आयसोमरेजच्या रेणवीय व औद्योगिक अंगांचा विस्तृत परामर्श १९९६ साली घेतला. कोणते धातू या विकराला चालना देतात व कोणते त्याला बाधतात याचे विवेचन त्यात आहे. पुढील भागात आपल्याला त्याचीच गरज लागणार आहे.

३. तीन प्रकारचा मळ

द्रावणात नको असलेल्या वस्तू एका प्रकारच्या नसतात. हे समजून घेण्यास महाड-पोलादपूरचे पाणीच पुरेसे आहे.

पावसाळ्यात सावित्री, गांधारी व काळ या नद्या तांबडे पाणी घेऊन वाहतात. जुलै २०२१ च्या महापुरात त्या पाण्याने महाडच्या घराघरांत किती चिखल आणून टाकला हे तेथील लोक विसरलेले नाहीत. असे पाणी भांड्यात स्थिर ठेवले तर गाळ खाली बसतो. तुरटी फिरविली तर लवकर बसतो. हा पहिला प्रकार : न विरघळलेला, तरंगता मळ. रानातल्या डबक्यात पाला कुजून जो पिवळसर रंग उतरतो तो मात्र कितीही वेळ वाट पाहिली तरी खाली बसत नाही आणि फडक्यातूनही आरपार जातो. हा दुसरा प्रकार : विरघळलेला रंग. दासगावच्या खाली खाडीचे पाणी कधीकधी काचेसारखे स्वच्छ दिसते. त्यात गाळ नाही, रंग नाही, तरी ते तोंडात धरवत नाही. हा तिसरा प्रकार : विरघळलेला क्षार. तो डोळ्यांना दिसतच नाही.

आता या कामांची क्रियापदे पाहावी. ‘निवळणे’ हे या अर्थी अकर्मक क्रियापद आहे. पाणी निवळते, माणूस फार तर ते निवळू देतो. कर्ता येथे काळ आणि गुरुत्वाकर्षण हे आहेत, आणि व्याकरणाने ते अचूक टिपले आहे. ‘गाळणे’ हे सकर्मक आहे. त्याला गाळणारा हवा आणि गाळणी हवी. निवळल्यावर वर जे स्वच्छ पाणी राहते त्याला ‘निवळी’ म्हणतात. ‘चुन्याची निवळी’ हा शब्दप्रयोग घरोघरी परिचित आहे. प्रयोगशाळेत साक्यावर राहणाऱ्या स्वच्छ द्रवासाठी नवा संस्कृत शब्द घडविण्याची मग काय आवश्यकता आहे? निवळी ज्याच्या बियांनी गढूळ पाणी स्वच्छ करतात त्या झाडाचेही नाव निवळीच आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

क्षारविरहित पाण्याला मराठीत ‘गोडे पाणी’ म्हणतात. साखर घातलेले ते ‘गोड पाणी’. खारे नसलेले ते ‘गोडे पाणी’. गोडे तेल, गोडा मसाला यांतही गोडी नसून बाधक चवीचा अभाव आहे. हा भेद शास्त्रीय लेखनात किती महत्त्वाचा आहे याचे एक उदाहरण देतो. साखरशुद्धीच्या कारखान्यात गाळण्या धुतल्यावर जे किंचित साखर असलेले पाणी निघते त्याला ‘स्वीट वॉटर’ म्हणतात. भाषांतरकाराने त्याचे ‘गोडे पाणी’ केले तर कोकणातला वाचक ते पिण्याचे पाणी समजेल. तेथे ‘साखरपाणी’ हाच शब्द योग्य ठरेल.

४. गुऱ्हाळ, कारखाना आणि ‘मळी’

महाड व पोलादपूर हा भाताचा आणि नाचणीचा मुलूख आहे. तेथे साखर कारखाना नाही. गूळ येतो तो घाटावरून. तेव्हा रस स्वच्छ करण्याची मराठी परिभाषा पाहावयाची तर घाट चढून गुऱ्हाळाकडेच गेले पाहिजे.

चरकातून निघालेला उसाचा रस काहिलीत तापू लागला म्हणजे त्यातील प्रथिने गोठतात आणि फेसाबरोबर वर येतात. मेण, माती व चिपाडाचे बारीक कण त्यांत अडकलेले असतात. गुळव्या भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात सोडतो, थोडा चुना घालतो आणि वर येणारा थर झाऱ्याने काढून टाकतो. या थराला ‘मळी’ म्हणतात आणि त्या कामाला ‘मळी काढणे’. भेंडीचा चिकट रस बारीक कणांना एकत्र बांधतो. चुना रसाची आम्लता मारतो. आम्लता राहिली तर तापलेल्या रसातील सुक्रोजचे विघटन होते आणि गूळ नीट बसत नाही. म्हणजे गुळव्याचे हे काम केवळ स्वच्छतेचे नसून रसाचा सामू सांभाळण्याचेही आहे.

साखर कारखान्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. तापविलेल्या रसात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर सोडतात. त्यातून कॅल्शियम सल्फाइटचा साका तयार होतो, तो मळ बरोबर घेऊन खाली बसतो, आणि वरची निवळी आटविण्यास जाते. खाली बसलेला चिखल गाळून जी वडी उरते तिचे खत होते. आटविलेल्या पाकातून स्फटिक वेगळे केल्यावर जो काळा दाट द्रव उरतो त्यातून मद्यार्क काढतात.

येथे मराठी परिभाषेत एक अडचण उत्पन्न झाली आहे. गुऱ्हाळातील फेसाचा थर ती मळी; कारखान्यातील गाळलेला चिखल, ज्याला ‘प्रेसमड’ असेही म्हणतात, तीही मळी; आणि मद्यार्कासाठी जाणारा काळा द्रव तीही मळीच. यांपैकी पहिल्या दोहोंत साखर नाममात्र असते, तर तिसरीत निम्म्याच्या आसपास भाग शर्करेचा असतो. पहिली फेकून द्यावयाची, दुसरी शेतात घालावयाची आणि तिसरी टाक्यांत साठवून विकावयाची. एकाच शब्दाचा हा अर्थविस्तार भाषेच्या दृष्टीने स्वाभाविक आहे. ‘मागे उरलेले ते मळ’ या न्यायाने तो झाला. परंतु त्यातून एक मौलिक गोष्ट सूचित होते. मळ कशाला म्हणावयाचे हे वस्तूवरून ठरत नसून आपण काय उचलून घेतले त्यावरून ठरते. साखरेचा स्फटिक उचलला म्हणून काळा द्रव मळी झाला. मद्यार्क करणाऱ्याला तोच कच्चा माल आहे.

५. चुन्याचे दोन न्याय

आता लेखाच्या मध्यवर्ती मुद्द्याकडे वळू. गुळव्याचा आणि साखर कारखान्याचा मुख्य आधार चुना, म्हणजे कॅल्शियम. स्टार्चच्या प्रक्रियेतील पहिल्या विकरालाही कॅल्शियम हवे असते. अल्फा-अमायलेजच्या रेणूची घडी कॅल्शियममुळे टिकून राहते. ते नसेल तर शंभर अंशांवरील उष्णतेत विकर लवकर निकामी होते. म्हणून परंपरागत पद्धतीत या टप्प्यावर कॅल्शियमचा क्षार मुद्दाम घालतात.

तिसऱ्या विकराचे मात्र उलट आहे. ग्लुकोज आयसोमरेजला काम करण्यासाठी मॅग्नेशियम लागते. कोबाल्ट व मँगॅनीज यांचीही त्याला मदत होते. मॅग्नेशियमची जागा कॅल्शियमने घेतली की विकर जागच्या जागी मंदावते. तांबे, चांदी, पारा हेही त्याला बाधतात. परंतु कॅल्शियमचा धोका अधिक, कारण ते आपणच दोन टप्प्यांपूर्वी घातलेले असते. म्हणून नळकांड्यात जाणाऱ्या पाकातील कॅल्शियम सामान्यतः दशलक्ष भागांत एका भागाच्या आत आणतात, आणि त्यानंतर मॅग्नेशियमचा क्षार मोजून घालतात.

या शेवटच्या वाक्याचा विचार करण्यासारखा आहे. एक क्षार काढला आणि दुसरा घातला. अंतिम पाकात परका पदार्थ आहेच. तरी तो विकरासाठी ‘शुद्ध’ आहे. उलट, एखाद्या पाकात शर्करेशिवाय अक्षरशः काहीच नसेल, तर तो रसायनाच्या पुस्तकात शुद्ध ठरेल आणि या विकराच्या दृष्टीने अपुरा ठरेल. ‘शुद्ध’ या शब्दाबरोबर ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, तो एवढ्यासाठी.

विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. बाजारातील पांढरी साखर खाणाऱ्याच्या दृष्टीने शुद्ध असते. पण आपल्याकडील बहुतेक कारखान्यांत ती चुना व गंधक यांच्या साह्याने तयार होत असल्याने त्यांचा सूक्ष्म अंश तिच्यात राहू शकतो. चहात तो जाणवत नाही. महिनोन्‌महिने तेच दाणे वापरणाऱ्या कारखान्यात मात्र थेंबाथेंबाने आलेला अंश साठत जातो. खाणारा साखरेला एकदाच भेटतो. दाण्यांवरील विकराला ती रात्रंदिवस भेटत असते.

६. कामांचा क्रम

विकरक्रियेपूर्वीची कामे कोणत्या क्रमाने करतात आणि तो क्रम तसाच का, हे आता थोडक्यात सांगता येईल. ग्लुकोजचे द्रावण फ्रुक्टोज करण्यास नेण्यापूर्वीचा क्रम उदाहरणादाखल घेऊ.

पहिले काम गाळण्याचे. धान्यातून आलेली प्रथिने व स्निग्धांश या वेळी गोठून साय-चिखलाच्या रूपात असतात. फिरत्या पिंपावर डायटोमाइट नावाच्या सच्छिद्र मातीचा थर देऊन त्यातून द्रावण ओढून घेतात. हा तरंगता मळ राहिला तर पुढे दाण्यांच्या फटी बुजतात, पाक एकाच वाटेने वाहू लागतो आणि बाकीचे विकर कोरडे राहते.

दुसरे काम रंग काढण्याचे. क्रियाशील कोळशाच्या अंगावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. रंगद्रव्ये व काही प्रथिने त्यांना चिकटतात. हे चिकटणे म्हणजे शोषून घेणे नव्हे. पृष्ठावर धरून ठेवणे हा त्याचा अर्थ, आणि मराठीत त्याला ‘अधिशोषण’ ही संज्ञा दिलेली आहे. कोळशाची भुकटी मागे राहू न देणेही तितकेच अगत्याचे असते, कारण तो रंगाप्रमाणेच विकरालाही धरतो. नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ साली दाखवून दिले, की कोळशाला चिकटलेले इन्व्हर्टेज चिकटल्या अवस्थेतही काम करीत राहते. विकर जखडून वापरण्याच्या आधुनिक पद्धतीचे बीज या निरीक्षणात आहे. एका टप्प्यावर मळ धरणारा कोळसा दुसऱ्या दृष्टीने विकराचे आसन झाला.

तिसरे काम द्रावण गोडे करण्याचे; म्हणजे क्षार काढण्याचे. यासाठी कृत्रिम राळेचे मणी वापरतात. एका प्रकारचे मणी कॅल्शियमसारखे धन आयन धरून त्यांच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतात. दुसऱ्या प्रकारचे मणी ऋण आयन धरतात. ही देवघेव असल्यामुळे तिला ‘आयन-विनिमय’ हे नाव सार्थ आहे. रंग आधी काढतात तो एवढ्यासाठी, की रंगद्रव्ये राळेवर बसली तर मणी लवकर निकामी होतात.

त्यानंतर द्रावण आटवून त्यातील घन भाग ४० ते ५० टक्क्यांवर आणतात, सामू ७.५ ते ८ च्या दरम्यान ठेवतात, मॅग्नेशियम घालतात, विरघळलेली हवा काढतात व ५५ ते ६० अंश उष्णतेत पाक नळकांड्यात सोडतात. हवा काढण्याचे कारण असे, की प्राणवायूने विकराचे आयुष्य घटते. बाहेर आलेल्या पाकाला पुन्हा कोळसा व राळ दाखवावी लागते, कारण अल्कधर्मी उष्ण पाकात नवा रंग उत्पन्न होतो आणि घातलेले मॅग्नेशियमही आता नकोसे झालेले असते. ज्याला आपण हाताने आत घेतले तेच काम संपताच मळाच्या यादीत जाते.

विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मग असे : गाळावयाचेही आणि निवळू द्यावयाचेही, शिवाय रंग काढावयाचा, क्षार काढावयाचा, आणि काही थोडे घालावयाचेही. ‘शुद्ध करून घ्यावे’ या तीन शब्दांत ही सर्व कामे दडली होती.

७. ‘शुद्धीकरण’ हा शब्द

आता शब्दाकडेच पाहू. मराठीत ‘शुद्ध’ या शब्दाचे दोन संसार आहेत. एक पदार्थाचा : शुद्ध तूप, शुद्ध पाणी, शुद्ध लेखन, यात मिसळ वा चूक नसणे हा अर्थ. दुसरा आचाराचा : तेथे शुद्धता वस्तूत काय आहे यावर ठरत नसून तिला कोणी स्पर्श केला यावर ठरते. साखरेनेच हे दोन संसार आमनेसामने आणले होते. युरोपातील साखरशुद्धीत एके काळी हाडांचा कोळसा रंग काढण्यास सर्रास वापरीत. स्वदेशीच्या काळात परदेशी साखरेवर आपल्याकडे जो आक्षेप घेतला गेला त्यात आर्थिक कारणाबरोबर हेही कारण होते. पदार्थाच्या न्यायाने जी साखर सर्वांत शुभ्र, तीच आचाराच्या न्यायाने अशुद्ध ठरली.

महाडमध्ये तर या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर गावातील सनातनी मंडळींनी १०८ घागरी आणि पंचगव्य यांच्या साह्याने, मंत्रोच्चारांत, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पदार्थाच्या न्यायाने पाहिले तर त्या विधीने पाण्यातील कोणताही मळ कमी झाला नाही. शेण आणि गोमूत्र यांची भर मात्र पडली. अशुद्ध मानली गेली होती ती माणसे. पुढे १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरील त्यांचा हक्क मान्य केला.

हा उल्लेख विषयांतरासाठी केलेला नाही. ज्या गावात ‘शुद्धीकरण’ या शब्दाने माणसांचा असा अवमान झाला, त्या गावच्या विद्यार्थ्याला तोच शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून देताना अध्यापकाने त्याचा अर्थ बांधून दिला पाहिजे. दोन न्यायांतील भेद स्पष्ट आहे. शास्त्रात ‘कशासाठी शुद्ध’ आणि ‘किती शुद्ध’ हे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरे मोजून देता येतात. उत्तर चुकले तर विकर स्वतःच साक्ष देते. आचारातील शुद्धतेला हे दोन्ही प्रश्न विचारता येत नाहीत. शास्त्रीय शब्दातून हे प्रश्न गळून पडले, तर तो शब्दही विधीसारखाच उच्चारला जाऊ लागतो. वर्गातील ते वाक्य सर्वांनी निःशंकपणे लिहून घेतले होते, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

८. काढलेला मळ कोठे जातो

आणखी एक प्रश्न ‘शुद्धीकरण’ या शब्दाने झाकला जातो. ‘मळी काढली’ म्हटले की ती कोठे टाकली हा प्रश्न आपोआप येतो. ‘शुद्ध केले’ म्हटले की येत नाही. राळेच्या मण्यांनी धरलेले क्षार नाहीसे होत नाहीत. मणी भरले की ते आम्ल व कॉस्टिक सोडा यांनी धुऊन पुन्हा कामास लावतात, आणि ते धुवण खारे असते. पाक गोडा झाला, पण तेवढेच पाणी खारे झाले. गाळण्यांवरचा चिखल, वापरलेला कोळसा, साखरपाणी यांचेही तसेच.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. सावित्रीच्या प्रदूषणाचा प्रश्न तेथे वर्षानुवर्षे चर्चिला जात आहे. त्या परिसरातील विद्यार्थ्याला कोणतीही शुद्धीकरणाची प्रक्रिया शिकविताना तिच्या दोन्ही बाजू सांगणे हे म्हणूनच कर्तव्य ठरते. सांडपाण्याच्या केंद्रातही अखेर हीच कामे करावयाची असतात, आणि तेथेही क्षार काढणे हेच सर्वांत अवघड असते. खारे पाणी निवळून गोडे होत नाही, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून परिभाषेपुरत्या काही सूचना करता येतात. स्थिर ठेवून साका खाली बसविणे यास ‘निवळू देणे’ आणि वरच्या स्वच्छ द्रवास ‘निवळी’ म्हणावे. थरातून वा कापडातून जाऊ देणे यास ‘गाळणे’ म्हणावे. कोळशाच्या कामास साध्या लेखनात ‘रंग काढणे’ व जेथे कार्यकारणाचे विवेचन असेल तेथे ‘अधिशोषण’ म्हणावे. राळेच्या कामास ‘क्षार काढणे’ अथवा ‘आयन-विनिमय’ म्हणावे. ‘मळी’ हा शब्द गुऱ्हाळातील थरासाठी राखून कारखान्यातील चिखलास ‘गाळवडी’ आणि काळ्या द्रवास ‘उसाची काळी मळी’ असे विशेषणयुक्त नाव द्यावे. रूढ शब्द काढून टाकता येत नाही, पण त्याला विशेषण जोडता येते. ‘शुद्धीकरण’ हा शब्द सर्व कामांच्या समुच्चयासाठी ठेवण्यास हरकत नाही. मात्र त्याच्या आधी ‘कशासाठी’ याचा निर्देश अवश्य असावा.

वर्गातील मूळ वाक्य आता पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘ग्लुकोजचे द्रावण गाळून, कोळशाने त्याचा रंग काढून व राळेने त्यातील क्षार, विशेषतः कॅल्शियम, काढून घ्यावेत, नंतर ठरलेल्या मापाने मॅग्नेशियम घालून ते विकराच्या दाण्यांतून सोडावे.’ वाक्य पहिल्याहून लांब झाले आहे आणि त्यात भारदस्त शब्द थोडे आहेत. परंतु पोलादपूरच्या त्या विद्यार्थ्याला ते वाचून काम करता येईल, आणि काम बिघडले तर ते कोणत्या पायरीवर बिघडले हेही शोधता येईल.